पहिली चीर

सर गल्लीच्या तोंडाशी दिसले की वस्तीतल्या बायका आधी विळी लपवायच्या, मग पदर सारखा करायच्या आणि मग हसायच्या. सरांच्या सायकलच्या कॅरियरला जुन्या ट्यूबनं आवळून बांधलेलं एक कोहळं असायचं. ते फुकट मिळणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी पळापळ व्हायची, कारण सर कोहळं देऊन निघून जात नसत. ते उंबऱ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "काप."

"कापते की सर, सांजच्याला."

"आता काप. माझ्यादेखत."

"आवो, हे बाहेर गेलेत. आले की चीर देतील, मंग करते ना मी फोडी."

"तो काहून पाहिजे? त्याच्या हाताला काय वेगळं रक्त हाय?"

बाई पदर तोंडाला लावायची. सर थोडा वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत उभे राहायचे आणि मग कोहळं उचलून पुन्हा कॅरियरला बांधायचे. दिलेलं परत नेणारा असा दाता आखाडा बाळापुरात दुसरा नव्हता.

आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लाल भोपळ्यालाही कोहळंच म्हणतात. हे भुरं कोहळं. बाहेरून राख फासल्यासारखं, आत पांढरंशुभ्र. त्याची हरभऱ्याची डाळ घालून भाजी होते, उडदाच्या डाळीत किसून वड्या घालतात, साखरेच्या पाकात पेठा होतो. पण ते कापायचा मान पुरुषाचा. कोहळं म्हणजे घरचं थोरलं लेकरू, बाईनं त्याला पहिली चीर दिली तर ती तिच्या लेकरावर उतरते, असं म्हणतात. पुरुषानं एकदा सुरीचं टोक लावलं की झालं. मग बाईनं त्याचा कीस पाडावा, कुणाची हरकत नाही. घरात पुरुष नसेल तर रस्त्यावरचा धरून आणायचा. आमच्या गल्लीत हे काम गॅस सिलिंडरवाल्याकडे होतं. तो सिलिंडर टेकवायचा, कोहळ्याला चीर द्यायचा आणि पुढच्या घरी जायचा. काही घरी तर त्याला सिलिंडर संपायच्या आधीच बोलावणं यायचं.

आणि ही वस्ती कोणाची? आमचीच, बौद्धांची. पणज्यांनी घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले, अंगारे बंद केले, नवस बंद केले. कोहळं राहिलं. आमच्या घरात देव्हारा नव्हता, त्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे होते. वडील प्रत्येक सभेतून घेऊन यायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. आणि त्या कोनाड्याच्या बरोबर समोर, दारात, माझी आई मांडीवर कोहळं घेऊन सिलिंडरवाल्याची वाट बघत बसायची. मी चिडायचे, एकेक पत्रक तोंडपाठ म्हणून दाखवायचे. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझं पत्रक बराबर हाय गं. पर लेकरं माझी हायेत."

या उत्तरावर कोणत्याच पत्रकात उत्तर नव्हतं. सरांकडे होतं, असं मला तेव्हा वाटायचं.

सर आम्हाला हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. शिकवताना ते कधी उभे राहिले नाहीत आणि कधी बसलेही नाहीत, सतत बाकांमधून चालत राहायचे. अर्धा धडा आम्ही त्यांच्या पाठीकडे बघून शिकलो. बोलण्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा यायचं, "करून बघितलं का?" मीठ पाण्यात विरघळतं म्हटलं तरी विचारायचे, बेडकाला दात नसतात म्हटलं तरी विचारायचे. एकदा कुणाच्या तरी मौतीला गेले असताना एक म्हातारा म्हणाला की माणूस मेला की सगळी तकलीफ संपते. सर सवयीनं बोलून गेले, "करून बघितलं का?" माती द्यायला आलेली माणसं हसू दाबायला तोंड फिरवून उभी राहिली. सर मात्र गंभीर होते. त्यांना खरंच ते वाक्य पुराव्याविना सोडवत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्यांना हिंडायला वर्ग उरला नाही, म्हणून ते गावात हिंडू लागले. आणि कोहळी लावू लागले.

त्यांच्या घराचं छप्पर पत्र्याचं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला ते भिंतीच्या कडेनं आळी करायचे, आणि पोळ्यापर्यंत पत्रा दिसेनासा व्हायचा. वेल शेजाऱ्याच्या न्हाणीवर जायचा, विजेच्या खांबाला हात लावायचा, एका वर्षी तर डिश अँटेनावर चढला आणि शेजारच्या घरातली मालिका ऐन रंगात बंद पडली. जमिनीवर टेकणाऱ्या कोहळ्यांखाली सर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे जुने फ्लेक्स अंथरायचे, म्हणजे मातीनं फळ सडत नाही. कुणी टोकलं तर म्हणायचे, "आपल्या भागात नेत्याचा एवढाच उपयोग मला सापडला. तुला दुसरा ठाव असंल तर सांग." मांडवावरून लोंबणाऱ्यांना ते काकूंच्या जुन्या साडीच्या झोळ्या बांधायचे. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या बाहेर येऊन झोळीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ही तर मी नेसत होते अजून."

"इरली होती."

"मी सांगितलं का इरली म्हनून?"

एवढं बोलून काकू आत जायच्या. काकूंचं बोलणं एवढंच असायचं. सर पुढचं अर्धा तास एकटेच बोलत राहायचे.

फुलं आली की सर पहाटे मांडवाखाली असायचे. एका हातात तोडलेलं नराचं पिवळं फूल, नजर मादीफुलाच्या शोधात. मादीफुलाखाली सुपारीएवढं केसाळ फळ आधीच असतं. त्यावर ते नराचं फूल असं हळू टेकवायचे की बघणाऱ्यानं तोंड दुसरीकडे करावं. मधमाश्या कमी झाल्यात, म्हणून हे काम माणसानं करायचं, असं त्यांचं म्हणणं. पलीकडची म्हातारी ओरडायची, "जमली का सर सोयरीक?" सर तिकडून, "मुलगी पसंत आहे, देणंघेणं काही नाही!"

एका बाबतीत सर दगड होते. खायला कोहळं मिळेल, टांगायला मिळणार नाही. बाजारातल्या एका हार्डवेअरवाल्यानं नवं दुकान काढलं आणि दारावर टांगायला कोहळं पाहिजे म्हणून निरोप धाडला. सरांचंच काहून, तर सगळ्यात मोठं आणि सगळ्यात राखाडी त्यांच्याकडे. हा तोच माणूस होता ज्याच्या घरी आमच्या माणसाला पाणी वरून मिळायचं. कप वेगळा असायचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सर म्हणाले, "मुहूर्तावर घेऊन येतो."

आणि आले. फुलांच्या माळा, सनई लावलेली, पाहुणे खुर्च्यांवर. सरांच्या हातात स्टीलचा डबा. त्यांनी तो गल्ल्यावर ठेवून झाकण उघडलं. आत कोहळ्याची भाजी होती, लसणाची फोडणी दिलेली, वर दाण्याचं कूट.

"सर, हे काय?"

"कोहळं. तुमीच मागितलं. आमच्या घरचं कोहळं तुमच्या दारावर चालतं ना? मग ताटात घ्या."

सनईवाल्यानं सुद्धा दम घ्यायला थांबून बघितलं. शेठ हसले, मग लाल झाले, मग नोकराला म्हणाले डबा आत ठेव. सर म्हणाले, "आत नको. इथंच. मी डबा घेऊन जाणार आहे." शेवटी एका पाहुण्यानंच, तो कळमनुरीकडचा कुणी जवान पोरगा होता, बोटानं भाजी चाखली आणि म्हणाला, "मस्त झाली राव." एकानं तरी खाल्ली, म्हणून सर डबा तिथंच सोडून निघाले. त्या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे. पत्रकात छापायची तर ही गोष्ट, असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं.

ती भाजी सरांनीच केलेली होती. काकूंनी शिजवलेल्या कोहळ्याला मात्र ते हात लावत नसत. आणि सरांचं दुखणं नेमकं इथं होतं.

काकूंनी सरांसमोर कधी कोहळं कापलं नव्हतं. लग्न झाल्यापासून सर सांगत होते, समजावत होते, फळ्यावर आकृती काढावी तशा आकृत्या काढत होते. काकू ऐकायच्या आणि विळी उचलून आत ठेवून द्यायच्या. त्यांना एकच मुलगा. शेवटी सरांनी जाहीर केलं की ज्या दिवशी ही स्वतः पहिली चीर देईल त्या दिवशी मी या घरात कोहळं खाईन, तोवर नाही. तेव्हापासून घरात कोहळ्याची भाजी झाली की चीर सिलिंडरवाल्यानंच दिली असणार असं धरून सर दह्याशी भाकर खायचे. सगळ्या गावाला कोहळं खाऊ घालणारा माणूस स्वतःच्या बायकोच्या हातचं कोहळं खात नव्हता. गावानं हे बरोबर पकडलं होतं. सर उंबऱ्यावर उभे राहून "काप" म्हणाले की आतून एखादी खमकी बाई म्हणायचीच, "पैले घरच्या बाईच्या हातात इळी द्या सर, मंग आमच्या दारात या."

सर सायकल वळवायचे. पण त्या दिवशी पॅडल जोरात मारायचे.

मी शिकून हिंगोलीला एका छापखान्यात कामाला लागले. दिवसा लग्नपत्रिका आणि हळदीच्या पोत्यांची लेबलं, फावल्या वेळात आमची पत्रकं. दोन वर्षांपूर्वी, सोयाबीनची सुगी चालू होती तेव्हा, मीच सरांना म्हणाले की हे दारोदार एकटं हिंडणं पुरे झालं. विहारात एक दिवस सगळ्यांचं जेवण ठेवू. कोहळी तुमची, स्वयंपाक सगळ्यांनी करायचा, आणि कापायची बायकांनी, सगळ्यांसमोर. पत्रक मी काढते.

सर ऐकतानाच उठून चालायला लागले. अंगणात तीन-चार फेऱ्या मारून म्हणाले, "रविवारी."

विहाराच्या समितीचे अध्यक्ष शांत माणूस होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहिलं कोहळं कोन कापनार?"

"कुणीही," मी म्हणाले.

"असं न्हाई चालत पोरी. आमच्या बायका इचारतील. सरांच्या घरून सुरुवात झाली तर आमी बी लावू आमच्या बायकांना. न्हाई तर जेवण करू, भासणं करू, अन् सिलिंडरवाल्याला बोलावू."

सर म्हणाले, "ती कापेल."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते अध्यक्षांकडे बघत होते. तो शब्द त्यांनी काकूंना न विचारता दिला होता.

त्या आठवड्यात मी रोज बाळापूरला जात होते. सर घरी काकूंच्या मागे मागे हिंडायचे. "फक्त एक चीर. सगळे बघतील. पोरींना धीर येईल." काकू धुणं पिळायच्या. "तुला कळतंय ना मी काय म्हणतो?" काकू धुणं वाळत घालायच्या. "विज्ञान आहे हे." तेव्हा काकू वळल्या आणि म्हणाल्या, "मला न्हाई कापायचं लोकांसमोर." बस. सरांनी ते 'मला न्हाई कापायचं' एवढंच ऐकलं. मीही तेवढंच ऐकलं. आम्हाला दोघांनाही ऐकण्यापेक्षा बोलण्याची जास्त सवय.

शनिवारी दुपारी मी सरांच्या अंगणात बसून कापडावर अक्षरं रंगवत होते, 'पहिली चीर तिची'. सर बाजेखालची कोहळी एकेक करून अंगणात आणत होते आणि पुन्हा जागा बदलत होते. एवढे अस्वस्थ मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. उद्या काकू आल्या नाहीत तर त्यांचा शब्द जाणार होता, आणि त्या शब्दाबरोबर इतक्या वर्षांचं दारोदार हिंडणं. स्वयंपाकघरातून लसणाचा वास येत होता.

सरांचा फोन वाजला. त्यांनी उभ्यानंच घेतला.

"हां, बोला... कुठं?... जित्ता हाय ना?"

काकू हातात उलथणं घेऊन दारात आल्या. सरांनी फोन खाली केला. "पोराची गाडी घसरली. वारंगा फाट्याच्या अलीकडं. नांदेडला नेलंय." मुलगा नांदेडला औषधांच्या दुकानात होता, सुट्टीला मोटरसायकलनं घरी यायचा.

काकूंनी चौकट धरली. सर त्यांच्याकडे बघत होते, आणि मग त्यांची नजर काकूंच्या खांद्यावरून आत गेली. विळीजवळ अर्धं कोहळं पडलं होतं. ताटात पांढऱ्या फोडी होत्या.

सरांनी विचारलं, "तू कापलंस का?"

माझ्या हातातला कुंचला तसाच राहिला. ज्या माणसानं मेलेल्याच्या दारातसुद्धा पुरावा मागितला होता त्याच माणसाचा तो आवाज होता. त्यात रागही होता. तो राग मी आईच्या तोंडून ऐकला असता तर तिच्याशी भांडले असते.

काकूंनी चौकट सोडली. मग म्हणाल्या, "व्हय. मीच कापलं. काल बी मीच कापलं. लेकरू पाचवीत होतं तवापासून ह्या घरात मीच कापून राहिले. तवा न्हाई घसरली गाडी."



काकू आत गेल्या, गॅस बंद केला, भाजीवर झाकण ठेवलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "चपला घाला. ऑटो बघा."

नांदेडच्या दवाखान्यात मुलगा पायाला प्लास्टर घालून पडला होता. चेहरा खरचटलेला, पण बोलत होता. "रस्त्यावर सोयाबीन वाळू घातलेलं. समोरून ट्रॅक्टर आला, बाजूला घेतली, अन् दाण्यावरून टायरच धरेना." मग आईकडे बघून म्हणाला, "आज कोहळ्याची भाजी केल्ती ना? फोनवर म्हनली होतीस."

सरांनी विचारलं, "तुला माहीत होतं? हीच कापते म्हणून?"

"मंग कोन कापनार बाबा? तुमी घरी असायचे कवा?"

सर बाहेर गेले. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. नर्सनं दोनदा हटकलं.

मी आणि काकू बाकावर बसलो होतो. मला राहवलं नाही. "काकू, मग सांगितलं काहून नाही? त्यांनी घरचं कोहळं खाणं सोडलं, लोकांचे टोमणे ऐकले. एक शब्द सांगायचा होता."

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुजे सर शाळेतून यायचे अन् मला शिकवायचे. पानी कसं गाळायचं, चूल कशी लावायची, लेकराला कसं धरायचं. सगळं बराबरच राहायचं त्यांचं, मी खोटं न्हाई म्हनत. पर येक गोष्ट मी माझी मी शिकले. ती बी त्यांना दाखवून पास व्हायचं का?"



"पैल्यांदा कापलं तवा लेकरू शाळेत गेल्तं. घरात दुसरं काई न्हवतं शिजवाया.  कापलं. अन् मंग दारात जाऊन उभी राह्यले. ते येईस्तोवर पानी सुदीक पेले न्हाई. आलं, दप्तर फेकलं, भाकर मागितली. मी त्याला तीच भाजी वाढली." काकू थोडं हसल्या. "दुसऱ्या दिवशी परत कापलं. परत दारात उभी. असं लई दिवस चाललं. भ्यायची अन् कापायची. तुज्या सरांना वाटतं भ्या गेलं की मानूस कापतं."

रविवारचं जेवण झालं नाही. पण बातमी विहारात आमच्या आधी पोचली होती. काकूनं कापलं आणि त्याच दिवशी पोरगं पडलं. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता धा वर्षं कुनी कापत न्हाई पोरी."  माझ्या आईनं फक्त माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला सगळ्या वादविवादांपेक्षा जड गेलं.

मग एका सकाळी सर हिंगोलीला छापखान्यात आले. सायकल नव्हती, एसटीनं आले होते. उभे राहूनच म्हणाले, "पत्रक काढ. मी सांगतो तसं लिही."

त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. माझ्या मुलाच्या अपघाताची बातमी आली तेव्हा मी, विज्ञानाचा शिक्षक, माझ्या पत्नीला पहिला प्रश्न विचारला की कोहळं तू कापलंस का. मुलाला किती लागलं आहे हे मी नंतर विचारलं. मुलाचा पाय मोडला तो रस्त्यावर सोयाबीन वाळत घातल्यामुळे. माझी पत्नी कित्येक वर्षं घरात स्वतः कोहळं कापते, हे मला माहीत नव्हतं. मी मात्र तुम्हा सगळ्यांना कापायला सांगत होतो. ज्यांना मला काही विचारायचं असेल त्यांनी घरी यावं. खाली सरांचं नाव.

"सर, हे छापू नका," मी म्हणाले. "लोक एवढंच वाचतील की तिनं कापलं आणि तो पडला. त्यांच्या हातात आपणच कोलीत देतोय."

"मग काय छापू?"

"अपघात कशामुळे झाला ते छापू. तुम्ही काय विचारलं ते काहून छापायचं? पत्रकात आपली शंका छापत नसतात."

सर पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "शंका न्हाई ती! ती माझ्या तोंडातून आलेली गोष्ट आहे. तू ऐकलीस, तिनं ऐकली. तेवढी गाळून बाकीचं खरं छापायचं? हे कुणी शिकवलं तुला? मी?"

मी कच्ची प्रत काढून दिली. मला राग आला होता, आणि तो नेमका कुणावर हे मला आजही सांगता येणार नाही.

ती प्रत घेऊन आम्ही दोघं बाळापूरला गेलो. काकू पायरीवर डाळ निवडत होत्या. सरांनी कागद पुढे केला. काकूंनी हात पुसले आणि एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचायला घेतलं. सर अंगणात फेऱ्या मारत होते. एवढा मोठा निकाल त्यांनी आयुष्यात कधी ऐकला नसेल.

काकूंचं बोट एका जागी थांबलं. "ही 'माझी पत्नी' कोन?"

"तू."

"अन् खाली नाव कोनाचं?"

"माझं. पत्रक मी काढतोय."

"कापलं म्या. भेले म्या. अन् नाव तुमचं?"

सर म्हणाले, "लोक तुला बोलतील. पोरगं हिच्यामुळं पडलं म्हणतील. म्हणून तर नाव घातलं नाही."

"त्ये आताच म्हनून राहिलेत. नाव न्हाई म्हनून थांबलेत का?"

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. सरांच्या नावाच्या वर, थोडी जागा होती तिथे, स्वतःचं नाव लिहिलं. नुसतं नाव, पुढे सरांचं नाही, आडनाव नाही. अक्षर थोडं तिरकं होतं. मी ते दुसऱ्या दिवशी छापलं तसंच्या तसं. इथे मी कुणाचंच नाव लिहीत नाही, पण ते पत्रक बाळापुरात अजून बऱ्याच घरांत असेल. ज्यांना नाव हवं त्यांनी तिथं वाचावं.

गठ्ठा आला त्या सकाळी सर वाटायला निघाले. मी बरोबर होते. पहिल्याच घरी ती खमकी बाई दारात आली, सरांना नेहमी टोमणा मारणारी. आज सायकलला कोहळं नव्हतं, म्हणून तिनं विळी लपवली नाही. कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला, पुन्हा वाचला. मी वाट बघत होते की आता ही हसेल, आता काहीतरी लागेल असं बोलेल. तिनं घडी घालून तो ब्लाउजमध्ये खोचला.

"सर, तुमी जा," ती म्हणाली. "काकूला धाडून द्या. मला तिला इचारायचंय."

"काय विचारायचं ते मला विचारा. मी सांगतो ना."

"तुमाला काय ठाव? तुमी कवा भेले?"

सर काही क्षण तसेच उभे राहिले. एका पायावरून दुसऱ्या पायावर झुललेही नाहीत. मग सायकल वळवून घरी गेले, आणि मी त्यांच्या मागे चालत. काकू गॅसपाशी होत्या. सरांनी दारातूनच सांगितलं की अमकीनं तुला बोलावलंय, तुला काहीतरी विचारायचंय.

काकूंनी मान वर केली नाही. भाजी हलवत म्हणाल्या, "भाजी शिजून राहिली. थांब म्हनावं तिला."

आणि सर तो निरोप घेऊन परत निघाले.